दीपेश सरांचं पोस्टर

नाय नाय मॅडम, पोस्टर इथंच बनलं, ते मी नाकारतच नाय — ह्याच खोलीत, ह्याच कॉम्प्युटरवर — फक्त फोटो जसा आला तसा मी लावला, एवढंच माझं म्हणणं. सकाळी रजिस्ट्रार साहेबांना पण हेच सांगितलं. तुमी बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या, मी स्टुलावर बसतो, मला सवय आहे. पंखा लावू? लावतो, फक्त ते वरचे कागद धरा. खोली लहान आहे, काय करणार — खरं तर ही जिन्याखालची, झाडू-बादल्या ठेवायची जागा. चार वर्षांपूर्वी मी लागलो तेव्हा हे नुसतं कॉलेज होतं, पत्र्याच्या दोन लांब शेडी आणि पुढं मुरूम. आता विद्यापीठ झालं, तिसरी बिल्डिंग उठली, लिफ्ट आली — चालते कधी कधी — आणि ह्या दारावर पाटी लागली, 'जनसंपर्क व प्रसिद्धी विभाग'. विभाग म्हणजे कोण? भाग्यश्री मॅडम आणि मी. मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत, म्हणजे सध्या विभाग म्हणजे मीच. संदेश. हो, नुसतं संदेश लिहा, आडनाव तुमच्या कागदावर असेलच — जनाबाई माझी आई, ते पण असेल. आहे ना? मग झालं.

तुमी चौकशीला बाहेरच्या विद्यापीठातनं आलात, तुमाला इथलं सांगायला पायजे. दर सोमवारी गेटवर एक मोठं पोस्टर लागतं, 'या आठवड्याचे संशोधक'. कोणाचा शोधनिबंध छापून आला, कोणाला पेटंट मिळालं, कोणी परदेशात जाऊन भाषण केलं — त्याचा फोटो, खाली चार ओळी, आणि तेच मग फेसबुकवर, इन्स्टावर, सगळ्या ग्रुपांवर. कुलगुरू साहेब बोलले, आपलं काम जगाला दिसलं पायजे. बरोबरच आहे. पण जगाआधी शेजारच्या केबिनला दिसतं ना. एक सर आहेत, नाव घेत नाय, त्यांनी फोटो तीन वेळा बदलायला लावला — एकात टक्कल दिसतं, दुसऱ्यात चष्मा चमकतो, तिसऱ्यात दोन्ही ठीक, पण मागच्या सोमवारच्या मॅडमचा फोटो ह्यांच्यापेक्षा अर्धा इंच मोठा. पट्टी घेऊन आले होते मोजायला. खरंच. मी मोजू दिलं. शिकलेल्या माणसांना एकमेकांचं इतकं बघवत नसेल असं मला आधी वाटलं नव्हतं, मला वाटायचं ते आमच्यासारख्यांचंच असतं. आमच्यासारख्यांचं म्हणजे — तसं नाय, बोलतोय आपलं. दीडशे पोस्टरं केली असतील मी. माझं नाव कुठं नाय, नकोच, पोस्टर बनवणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत नाय आमच्यात.

शिक्षण? नववी. नापास नाय झालो, जायचंच सोडलं. नववीत बाईंनी उभं केलं, धडा वाच बोलल्या. वाचता येत होतं मला, घरी वाचायचो — पण आवाज निघाला नाय. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघालो आणि भातसाच्या कालव्यावर बसून आलो, तिसऱ्या दिवशी निघालोच नाय. आईनं विचारलं, जात नायस? बोललो, नाय. तिनं कोयता दिला हातात. बास. एवढंच झालं बोलणं. ओरडली असती, दोन ठेवून दिल्या असत्या, तरी बरं वाटलं असतं. मग शहापूरला स्टँडजवळ फ्लेक्सच्या दुकानात लागलो, वाढदिवसाचे, जत्रेचे, क्रिकेटच्या सामन्यांचे फ्लेक्स. तिथं शिकलो सगळं. माणूस मागच्या पसाऱ्यातनं अलगद कापून काढायचा, त्याला आमी कटिंग बोलतो — कपडे सोपे, कान सोपा, केस कठीण. दुकानाचे मालक माझ्याकडंच द्यायचे केसाचं काम. बोलायचे, ह्याला तोंड नाय पण हात आहे. तिथंच कॉलेजचं काम यायचं, तिथनं भाग्यश्री मॅडमनी मला इथं आणलं. असो. तुमाला हे कशाला.

हो, सरांचं. विषय सरांचाच आहे, मला माहीत आहे. परवा तुमची समिती बसणार, आणि सरांनी स्वतः माझ्या आईला फोटोतनं काढलं असं ठरलं तर त्यांचं बक्षीस जाणार, राबाचा प्रकल्प पण काढून घेणार. नोकरीचं पण काही बोलतात लोक — अजून ते पक्के नायत ना, दोन वर्षांच्या ऑर्डरवर आहेत. मला विचाराल तर ते तुमी ठरवायचं. मी काय सांगणार. दीपेश सर म्हणजे — डॉक्टर दीपेश वेखंडे, धसईचे. धसईचे म्हणजे काही परक्या मुलखातले नायत, त्यांचे वडील बाजारात काकड्या-भेंडी घेऊन बसायचे, माझ्या मामानं बघितलेत. आमच्यासारखीच भातशेती, आमच्यासारखंच घर. माझ्याहून एका वर्षानं लहान. हे मी आमच्या फॉर्मवरनं बघितलं, पोस्टरसाठी जन्मतारीख लागते — लागत नाय तशी, पण बघितली मी. एका वर्षानं लहान. मुरबाडला शिकले, मग कल्याण, मग पुण्याला डॉक्टरकी, पिकांची-मातीची. आणि बोलायला — अहो, त्या माणसाला कोणाशीही बोलता येतं. शिपायाशी, कुलगुरूंशी, म्हशीशी पण बोलेल. खिशात हात घालून उभे राहतात आणि 'काय संदेशशेठ' बोलतात मला. शेठ. सगळे हसतात, मी पण हसतो.

राब माहीत आहे का तुमाला? नसेल. भात पेरायच्या आधी रोपाची जागा भाजतात. होळीच्या पुढं-मागं, खाली शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या झाडाचा टहाळ — टहाळ म्हणजे पाल्याच्या फांद्या — त्यावर गवत, वाळका पातेरा, वर बारीक माती, आणि मग पेटवायचं. पेटवायची पण रीत असते, वारा जिकडनं येतो तिकडनं नाय लावायची आग, उलट्या अंगानं लावायची, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकते, माती खोलवर भाजते, तणाचं बी मरतं. भडकन पेटला तर वरचं जळतं आणि खालचं तण तसंच राहतं. हे आता मला इतकं नीट सांगता येतं ते कशामुळं? पोस्टरमुळं. सरांनी लिहून दिलेल्या मजकुरावरनं. लहानपणापासून दर वर्षी मी आईच्या बरोबर राब भाजलाय, डोक्यावर टहाळ वाहिलाय, नाकात राख गेलीय — मला आईनं काय सांगितलं? धर. टाक. सरक. तीन शब्दांत पंधरा वर्षं काढली आमी.

सरांना शोधायचं होतं की जुनी माणसं राब कसा भाजतात, आणि जमिनीत किती खोल किती उष्णता जाते. गावोगाव फिरले, कोणी नीट सांगेना. मग एकदा कँटीनमध्ये मला विचारलं, संदेशशेठ, सापगावला तुमच्याकडं कोण जाणतं आहे का. मी बोललो, आमची आई भाजते. मीच बोललो. दुसऱ्या कोणी नाय नेलं त्यांना आमच्या घरी, मीच नेलं, माझ्या गाडीवर मागं बसवून. पहिल्या रविवारी आई लाजली, पदर तोंडाला. सर ओट्यावर बसले, बाजूला रेकॉर्डर ठेवला एवढासा, आणि बोलले, मावशी, मला काही येत नाय, मला पहिल्यापासून सांगा. तिला वाटलं गंमत करतात. मग बोलायला लागली. मॅडम, मी दारात उभा होतो. तिला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. ऐनाचा टहाळ कधी तोडायचा, तो किती दिवस वाळू द्यायचा, कुठला वारा खोटा असतो, सासूनं तिला राबात कसं रडवलं, बाबा वारले त्या वर्षी राब तिनं एकटीनं कसा भाजला — बाबांचं ते मला पण माहीत नव्हतं. मी तेव्हा पाच वर्षांचा. मी होतो तिथं, बांधावर बसलो होतो असं ती बोलली. सरांना बोलली. मी दारात होतो आणि ती सरांना बोलली, की हा बांधावर बसला होता आणि माझ्याकडं बघून रडत नव्हता, म्हणून मी पण रडले नाय.

वर्षभर चाललं हे. दर रविवारी. शनिवारीच तिची तयारी, घर सारवून घ्यायची, तांदळाची भाकरी, सरांना आवडते म्हणून सुकटीची चटणी. मला सुकट आवडत नाय हे तिला ठाऊक आहे की नाय मला माहीत नाय. सर आले की 'आले गो माझे डाक्टर'. शेजारणींना सांगायची, माझा डाक्टर ह्या वक्ताला विमानानं जाणार माझा राब सांगायला. माझा डाक्टर, माझा राब. मी कोण? मी गाडी चालवणारा. बरं, त्यांच्यात वाईट काही नाय, तोच तर त्रास आहे — वाईट माणूस असता तर मी कधीच त्यांच्याबद्दल कोणाला बोललो असतो, बोलायला काही दिलं पायजे ना माणसानं. जेवल्यावर ताट स्वतः उचलायचे. भात लावायला उतरले चिखलात. आई बोलली, बघ संद्या, इतका शिकलाय पण वाकायला लाज नाय. मी त्याच खाचरात तिच्या मागं होतो, सकाळपासून वाकलेला.

चहा सांगू का? नको? बरं.

मग जूनमध्ये त्यांचा निबंध परदेशी जर्नलला आला. विद्यापीठानं 'उत्कृष्ट संशोधक' जाहीर केलं, वर्धापनदिनाला सत्कार ठरला, आणि सोमवारचं पोस्टर सरांचं. नेहमीपेक्षा मोठं, वीस बाय दहा, गेटवर एक आणि शहापूरला चौकात एक. फोटो राबाच्या जागेवरचा — आमच्या शेजारची नम्रता, ती सरांकडंच एमएस्सी करते, तिनं मोबाइलवर काढलेला. तो लावला मी. म्हणजे जसा आला तसा. सर एकटे, मागं धूर, डाव्या बाजूला मोकळी जागा, तिथं मजकूर. चांगलं दिसत होतं. गुरुवारपर्यंत सगळं ठीक. गुरुवारी नम्रतानं गावच्या ग्रुपवर दोन फोटो शेजारी-शेजारी टाकले, तिच्या मोबाइलमधला आणि पोस्टरवरचा, की बघा, मूळ फोटोत जनामावशी आहे आणि पोस्टरवर नाय. मग काय. आमच्याकडं फ्लेक्सवर कोण आहे, कोण नाय, कोण वर आहे, कोण खाली आहे ह्यावरनं भावकी तुटलेली आहे, तुमाला खोटं वाटेल. म्हातारीचं डोकं वापरलं आणि म्हातारीच उडवली, असं लिहिलं लोकांनी. चार गावांत फिरलं. शहापूरच्या पोस्टरवर कोणी तरी शेण मारलं, सरांच्या तोंडावर. ग्रामपंचायतीचं पत्र कुलगुरूंना आलं. आणि आता तुमी.

सर काय बोलले तुमाला? तेच ना — पोस्टर मी बघितलं होतं, जबाबदारी माझी. मला पण तेच कळलं. बघितलं होतं हे खरं नाय. त्यांनी बघितलं नव्हतं, ते तेव्हा हैदराबादला होते, फोनवर बोलले की संदेशशेठ तुमच्यावर सोडतो, तुमी करता ते चांगलंच करता. मग कशाला बोलायचं बघितलं होतं म्हणून? मोठेपणा. चुकीतसुद्धा मोठेपणा घेतात. म्हणजे उद्या कोणी बोलायचं, बघा किती मोठं मन. माझ्याकडं आले नायत, विचारलं नाय, एकदा जिन्यावर समोर आले तर नेहमीसारखं 'काय संदेशशेठ' — फक्त थांबले नायत. आणि आई. रविवारी तिनं भाकऱ्या केल्या, सुकटीची चटणी केली, पाट मांडला. मी बोललो, येणार नायत, त्यांना समितीनं मना केलंय आपल्याकडं यायला. ताट तसंच ठेवलं तिनं तीन वाजेपर्यंत. स्वतःचा फोटो गेल्याचं तिला काही नाय, ती बोलली माझं थोबाड काय बघायचंय लोकांनी. तिला एकच लागलंय. चौथ्या वेळेला विचारलं तिनं काल — "संद्या, तू तिथं कामाला हायस ना? मग शोध ना, त्या पोरावर हे कोणी आणलं." मी बोललो, शोधतो.

नाय, मला काय वाईट वाटायचंय. लोक बोलतात, बोलू दे. फक्त त्या नम्रताचं मात्र — तिनं खाली काय लिहिलं होतं ते वाचलंत का तुमी? 'घाईघाईत मावशीला कापून टाकलंय.' घाईघाईत. हे वाचून डोकं फिरलं माझं. तिला काय कळतं त्यातलं? घाईत होतं का असलं काम? थांबा, मोठा करून दाखवतो — हा बघा, हा उजवा खांदा — कुठं जोड दिसतो? शोधून दाखवा. अहो, सरांचा शर्ट चौकड्यांचा. साधा असता तर पाच मिनटं. चौकड्यांच्या शर्टावर कोणाचा हात असला आणि तो हात उचलला तर खाली काय उरतं? भोक. मग दुसऱ्या खांद्याचा तुकडा घ्यायचा, उलटा करायचा, रेघेला रेघ लावायची, आणि खांद्याचा उतार दोन्हीकडं सारखा नसतो, पिशवी अडकवून अडकवून सरांचा उजवा खाली आलाय, ते सांभाळायचं. परत चार बोटांच्या चार सावल्या, त्या एकेक पुसायच्या, नायतर हात नाय आणि सावली आहे असं होतं. पावणेदोन तास गेले मला नुसत्या त्या खांद्यावर. डबा खाल्ला नाय त्या दिवशी. आणि ही बोलते घाई —

पंखा मोठा करू का.

नाय, तसं नाय, हात होता हे मला नंतर कळलं, नम्रताच्या फोटोवरनं, आणि मग मी आपलं विचार केला की ज्यानं कोणी — ज्यानं केलं असेल त्याला किती वेळ — नाय. राहू दे. तुमी लिहिणं थांबवलंत. लिहा ना. लिहा मॅडम, मी आता परत उलटं बोलणार नाय, मला बोलता येत नाय तर खोटं कुठनं बोलता येणार, इतका वेळ बोललो तेच खूप झालं.

मी केलं. सरांनी फोटो दिला तेव्हा त्यात आई होती. व्हॉट्सॅपला आहे माझ्या, हा बघा, तारीख बघा, आणि खाली त्यांनी लिहिलंय ते वाचा — 'मावशींचं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरात घ्या'. एवढ्याच अक्षरात. सोमवारच्या पोस्टरवर आजपर्यंत असं कोणी बोललं नाय. दुसरे सर अर्ध्या इंचासाठी पट्टी घेऊन येतात आणि हा माणूस बोलतो एवढ्याच अक्षरात. ते वाचलं आणि मला बरं वाटायला पायजे होतं ना? माझी आई, वीस बाय दहावर, गेटवर. कुठल्याही पोराला बरं वाटेल. मी फोटो उघडला. आई हसतेय. तोंडभर, पदर नाय, दात दिसतायत, पुढचा पडलेला पण दिसतोय, आणि हात सरांच्या खांद्यावर, असा, पंजा पूर्ण टाकलेला, जसा आपल्या माणसाच्या खांद्यावर टाकतात. मी खूप वेळ बघत होतो. मग विचार केला, माझ्या खांद्यावर कधी. आठवून बघितलं खरंच. शाळेत जाताना, दुकानात पहिल्या दिवशी जाताना, बाबा गेले तेव्हा. ताप आला की कपाळावर ठेवायची, ते आठवतं. खांद्यावर नाय. आमचा दोघांचा फोटो पण नाय एक. मी लोकांचे फोटो लावतो आयुष्यभर आणि माझा माझ्या आईबरोबर फोटो नाय.

सरांना काढायला हात धजला नाय, पोस्टरच त्यांचं. मग तिला काढलं. असं वाटलं की सर एकटे राहतील तिथं. मजकुरातनं तिची ओळ पण काढली. नियमाचा विचार करून ठेवला होता, कोणी विचारलं तर बोलू की पोस्टरवर फक्त शिकवणाऱ्यांचा फोटो घ्यायचा अशी पद्धत आहे. कोणी विचारलंच नाय. सगळे धरूनच चालले की सरांनी केलं. शिकलेला माणूस अडाणी बाईचं काढून घेतो हे लोकांना लगेच पटतं. पोरानं आईला काढलं हे कोणाच्या मनातसुद्धा येणार नाय. मी दोन दिवस बोलणार होतो, खरंच बोलणार होतो, मग शेण मारल्याचा फोटो आला आणि — सांगूनच टाकतो आता — मला हसू आलं. थोडंसं. ते हसू गेल्यावर जे वाटलं ते सांगत नाय.

आईला? कळलंय की नाय मला माहीत नाय. ती तुमच्यासारखीच विचारते आणि गप बसते.

नाय, स्क्रीनवरची ती दुसरी फाइल नाय त्यातली. ती वेगळी. ती विद्यापीठाची नाय, माझी आहे. 'आई दोन' असं नाव आहे म्हणून तुमाला वाटलं असेल. पुरावा म्हणून लागेल? कशाला लागेल, मी तोंडानं सांगितलं ना. बरं, बघा. तुमीच उघडा, मी नाय उघडत. तिला कापून काढलं ते फेकवलं नाय मला. बाजूला ठेवली तशीच, हातासकट, मोकळ्या जागेवर. मग हात हवेत दिसायला लागला, कोणाच्याच खांद्यावर नाय असा. बघवेना. म्हणून मी माझा फोटो घेतला, हा ओळखपत्राचाच, दुसरा नव्हता, आणि हाताखाली बसवला. माझा शर्ट साधा आहे, चटकन बसला. सावली बरोबर घेतलीय बघा, बोटांची. उजेड सारखा केलाय. कोणाला सांगून पटणार नाय की हे दोघं एका जागी उभे नव्हते. फक्त — ते दिसलं ना तुमाला पण. सर उंच आहेत. मी त्यांच्या कानापर्यंत येतो. ती माझ्याकडं बघत नाय. माझ्या डोक्यावरनं वर बघतेय, त्यांचं तोंड होतं तिकडं. खूप करून बघितलं मी. मला उंच करून बघितलं, तर हात खांद्यावरनं सुटतो. हात ठेवला तर नजर सुटते. डोळे फिरवायचं काम मला येत नाय.

बंद करा ते. हे कागदात घालू नका मॅडम, बाकी सगळं घाला. परवा वाचून दाखवा सगळ्यांसमोर, मला बोलवू नका, मला उभं राहून बोलता यायचं नाय. सही कुठं करू? इथं? पूर्ण नाव? घ्या. सरांना तुमीच सांगा, वरच्या मजल्यावर आहेत, प्रयोगशाळेत, आता असतील. आईला सांगू नका. तिचं मी बघतो. नाय, आज नाय सांगता येणार, पण सापगावला जाऊन कोणी दुसऱ्यानं सांगायचं नाय, एवढं लिहा त्यात. लिहिलंत? मग झालं. जावा आता. सोमवार जवळ आलाय, मला पुढचं पोस्टर लावायचंय.